अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा नेणारा शल्यविशारद : डॉ. वॉल्टर डँडी

अमेरिकेतील मिसूरी राज्यात सेडेलिया नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते रेल्वेचे गाव म्हणून ओळखले जाई. इंजिने यायची, कोळसा-पाणी घ्यायची, दुरुस्त व्हायची आणि पुढे जायची; गावातल्या कितीतरी चुली त्या रेल्वेच्या पगारावर पेटत. या गावात ६ एप्रिल १८८६ रोजी वॉल्टर एडवर्ड डँडी यांचा जन्म झाला. वडील जॉन हे मूळचे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे, आई रेचेल आयर्लंडमधल्या आर्मा येथली. दोघेही आपापला मुलूख सोडून, समुद्र ओलांडून आलेले. वडील आगगाडीचे इंजिन चालवीत. वॉल्टर हे त्यांचे एकुलते एक अपत्य.

१९०३ साली वॉल्टर शाळेतून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला. मिसूरी विद्यापीठाची पदवी त्याने १९०७ साली घेतली आणि बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयाची वाट धरली. तेथे त्याला एकदम दुसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रवेश मिळाला. १९१० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, इंजिन ड्रायव्हरचा हा मुलगा डॉक्टर झाला.

एस. वाय. बी. ए.च्या विद्यार्थ्याने मेंदूच्या शस्त्रक्रियेवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. खरे सांगायचे तर मला या चरित्रात आधी दिसले ते वडिलांचे इंजिन. माझे वडील ट्रक चालवितात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे ड्रायव्हरच्या मुलाने पुढे काय केले हे वाचण्याची उत्सुकता वाटली. पुढे वाचत गेलो तेव्हा मात्र कारण बदलले. ते ओघाने येईलच.

त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र विद्या म्हणून नुकतीच उभी राहत होती आणि तिचे अध्वर्यू होते डॉ. हार्वे कुशिंग. ते तेव्हा हॉपकिन्समध्येच होते. डँडी यांनी एक वर्ष त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काढले आणि नंतर त्यांचे सहायक म्हणून रुग्णालयात काम केले. गुरू असा मिळाला की ज्याच्या हाताला साऱ्या जगात तोड नाही; पण दोघांचे जमले नाही. कुशिंग शिस्तीचे, मानी आणि थोडे मत्सरीही. शिष्य हट्टी, तोंडाळ आणि प्रयोगात जे दिसले तेच खरे मानणारा. निष्कर्षांवरून खटके उडू लागले. १९१२ साली कुशिंग बोस्टनला निघाले तेव्हा त्यांनी डँडी यांना बरोबर नेले नाही. सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या पायाखालची जमीनच सरकली. हॉपकिन्सचे प्रमुख शल्यविशारद डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी त्यांना ठेवून घेतले म्हणून निभावले. नाहीतर पुढचे सारे घडलेच नसते.

आता डँडी यांच्या कामाकडे वळू. मला तर त्यांचे आयुष्यभराचे काम एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते : कवटीच्या आत पाहायचे कसे? क्ष-किरणांनी हाड दिसे. पण मेंदू हा मऊ, सगळीकडे सारखा, त्याची छाया फोटोत उमटत नसे. गाठ कोठे आहे हे रोग्याच्या लक्षणांवरून अंदाजाने ठरवायचे आणि कवटी उघडायची. अंदाज चुकला तर? अनेकदा चुके.

डँडी यांनी सुरुवात केली ती जलशीर्षापासून. तान्ह्या मुलांचे डोके पाण्याने फुगत जाते तो हा रोग. मेंदूच्या आत पोकळ्या असतात आणि त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव सतत झरत व वाहत असतो. हा द्रव कोठे तयार होतो, कोणत्या वाटेने जातो, कोठे शोषला जातो, याची नीट माहिती नव्हती. बालरोगतज्ज्ञ डॉ. केनेथ ब्लॅकफॅन यांच्या जोडीने डँडी यांनी १९१३ व १९१४ साली कुत्र्यांवर प्रयोग करून व रोगी मुलांच्या द्रवात रंग मिसळून ती वाट शोधून काढली. वाट कोठे तुंबली हे कळले की रोगाचे मूळ कळले. पाटाच्या पाण्यावर भांडणारे आपल्याकडचे शेतकरी हे तत्त्व चटकन ओळखतील.

१९१८ साली त्यांनी याहून धाडसी गोष्ट केली. पोकळीतला द्रव काढून तेथे हवा भरली आणि मग क्ष-किरणाचा फोटो घेतला. हवेची काळी छाया उमटली आणि पोकळीचा आकार स्पष्ट दिसला. गाठीने पोकळी एका बाजूला ढकलली असेल तर तेही दिसले. जिवंत माणसाच्या मेंदूच्या आतली आकृती अशी प्रथमच फोटोत आली. या शोधासाठी १९३३ साली त्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले गेले होते. पारितोषिक मिळाले नाही. १९७० नंतर सी. टी. स्कॅन येईपर्यंत अर्धशतक जगभर ही पद्धत वापरली गेली.

पण फोटो म्हणजे छाया. डँडी यांना डोळ्यांनी पाहायचे होते. मूत्ररोगतज्ज्ञांकडे तेव्हा मूत्राशयात घालून पाहण्याची, टोकाला छोटा दिवा असलेली धातूची नळी होती. आज आपण ज्याला सर्रास दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणतो, त्या दुर्बिणीची ही आजी. शिकागोचे एक मूत्ररोगतज्ज्ञ, डॉ. लेस्पिनास, यांनी १९१० साली ती दोन जलशीर्ष बालकांच्या मेंदूत घालून पाहिली होती. एक मूल दगावले, दुसरे काही वर्षे जगले. १९२२ साली डँडी यांनी हीच नळी घेतली, मेंदूच्या पोकळीत उतरविली आणि आतल्या भिंती, आतला रक्तवाहिन्यांचा गुच्छ प्रत्यक्ष पाहिला. हाच गुच्छ द्रव पाझरतो; तो काढला तर पाणी कमी होईल असा त्यांचा हिशेब. कवटी उघडून हे काम त्यांनी आधी चार मुलांवर केले होते आणि त्यांतली तीन दगावली होती. नळीतून केले तर जखम लहान होईल, ही आशा.

आशा फळाला आली नाही. त्या नळीतला दिवा मिणमिणता, भिंगे अंधूक, दिसणारा भाग टिचभर. थोडे रक्त आले की सारेच लाल! नळीतून गुच्छ काढणे त्यांना साधले नाही. १९३२ साली त्यांनी तो प्रयत्न पुन्हा मांडला; पण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा तो सरस ठरला नाही. त्या यंत्राला मेंदूतल्या पोकळीवरून नाव मात्र त्यांनी दिले आणि मेंदूतील दुर्बीण-शस्त्रक्रियेचे जनक म्हणून आज त्यांचेच नाव घेतात. ज्या गोष्टीत माणूस हरला तिच्यासाठी त्याला जनक म्हणावे, हे प्रथम मला विचित्र वाटले. त्याचा उलगडा मेंदूच्या दुसऱ्या एका जागी होतो. तेथे डँडी दुर्बीण न घेता, नुसत्या डोळ्यांनी उतरले.

ही जागा म्हणजे कानाच्या मागे, कवटीच्या आत, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ जेथे एकमेकांना टेकतात तो कोपरा. देठ म्हणजे मस्तिष्कस्तंभ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे, जागेपण, साऱ्यांची सूत्रे येथून हलतात. या देठातून चेहऱ्याला स्पर्श कळविणारा पाचवा मज्जातंतू निघतो. त्याच्या खाली चेहरा हलविणारा सातवा आणि ऐकणे व तोल सांभाळणारा आठवा हे जोडीने निघून, सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या हाडाच्या बोगद्यातून आतल्या कानाकडे जातात. त्यांच्याही खाली घशाचे व आवाजाचे मज्जातंतू. सुपारीएवढ्या जागेत एवढा संसार! आठव्या मज्जातंतूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाच्या वेष्टनातून कधी कधी एक गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते. पण वाढत वाढत देठावर दाब आणते. आधी कान जातो, मग तोल, मग चेहऱ्यावर बधिरपणा आणि शेवटी प्राण.

विसाव्या शतकाच्या आरंभी या गाठीवर शस्त्रक्रिया झालेले बहुसंख्य रोगी मरत. कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथच लिहिला. त्यांची रीत अशी की गाठीचे आवरण तसेच ठेवायचे आणि आतला गर तेवढा कोरून काढायचा. मृत्यू पुष्कळ कमी झाले. परंतु राहिलेले आवरण पुन्हा वाढे आणि काही वर्षांत रोगी पुन्हा तेथेच येऊन ठेपे. डँडी यांचे म्हणणे वेगळे. गर काढा, मग ढिले पडलेले आवरण हलक्या हाताने देठावरून सोडवून सगळेच बाहेर काढा. १९२२ साली त्यांनी हे प्राथमिक टिपणात मांडले, १९२५ साली सविस्तर. कुशिंग संतापले. आपल्या व आपल्या आधीच्या लोकांच्या कामाची दखल घेतली नाही असे खरमरीत पत्र त्यांनी लिहिले आणि गुरुशिष्यांतली दरी कायमची रुंदावली. माझ्या मते कुशिंग यांच्या तक्रारीत तथ्य होते. डँडी यांना उपकार मानण्याची कला कधी साधली नाही. पण रोग्याच्या बाजूने पाहिले तर बरोबर कोण होते? पूर्ण गाठ काढणे हेच पुढे सर्वत्र ध्येय ठरले.

याची किंमत मात्र रोगी चुकवीत. गाठ काढताना सातवा मज्जातंतू बहुधा वाचत नसे. माणूस जगे, पण अर्धा चेहरा लोंबलेला, डोळा न मिटणारा, पाणी पिताना ओठाच्या कडेतून गळणारे. जीव की चेहरा, असा तो सौदा. डँडी हे बेधडक करीत आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता.

येथे मला माझ्या आत्याबद्दल लिहिणे भाग आहे. तिला उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी मळ म्हणून दोन वर्षे थेंब दिले. ती चालताना भिंतीला हात लावू लागली तेव्हा शहरात नेले आणि हीच गाठ निघाली. तेथल्या सर्जनांनी कागदावर चित्र काढून आम्हांला समजाविले, ते मी ऐकत होतो. कान वाचेल असे वाटत नाही, चेहरा वाचविण्याचा प्रयत्न करू, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढू आणि शेवटी बोगद्याच्या तळाशी काही शिल्लक राहिले का ते दुर्बीण घालून पाहू, असे ते म्हणाले. आत्याने एकच विचारले, तोंड वाकडे होईल का. तिच्या मुलीचे लग्न ठरले होते. आता तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण ती हसते तेव्हा दोन्ही गाल हलतात. मांडवात तिने सगळ्या पाहुण्यांना आपल्या डाव्या बाजूला उभे केले होते. डँडी यांचे चरित्र मी पुढे का वाचत गेलो, त्याचे कारण हे.

त्याच कोपऱ्यात डँडी यांनी आणखी दोन मोठी कामे केली. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेसारखी कळ मारण्याचा एक रोग आहे. वारा लागला, घास चावला तरी रोगी किंचाळतो. त्या काळचे सर्जन कानशिलाच्या बाजूने जाऊन पाचवा मज्जातंतू कापीत. डँडी कानामागून, देठाजवळ गेले. कापताना त्यांनी आसपास पाहिलेही. १९३४ साली त्यांनी २१५ शस्त्रक्रियांतील निरीक्षणे प्रसिद्ध केली : पुष्कळ रोग्यांत एखादी रक्तवाहिनी मज्जातंतूला टेकलेली, त्याला दाबणारी दिसते आणि कळेचे कारण तेच असावे. फारसे कोणी मनावर घेतले नाही. इतरांना ते दिसत नव्हते, कारण इतर त्या वाटेने जातच नव्हते!

दुसरे काम भोवळीचे. मेनिएर नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात कानात आवाज होतो, ऐकू कमी येते आणि खोली गरगर फिरू लागते. डँडी यांनी १९२८ साली नऊ रोग्यांवरील शस्त्रक्रियांची माहिती दिली. त्यांत आठवा मज्जातंतू कापला होता. पुढे त्यांनी त्याचा तोलाचा भागच तेवढा कापून ऐकण्याचा भाग राखण्यास सुरुवात केली. दोऱ्याच्या दोन पदरांतला एक पदर कापावा तसे हे काम, आणि तेही कोणत्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय. असे सहाशेहून अधिक रोगी त्यांनी हाताळले.

माणूस म्हणून डँडी कसे होते? शस्त्रक्रियागृहात तापट. हत्यारे फेकीत, सहायकांना सर्वांदेखत फैलावर घेत. त्यांच्याकडे शिकलेल्यांना त्यांची भीती वाटे आणि अभिमानही. घरी मात्र ते वेगळे असत. १९२४ साली सेडी मार्टिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चार मुले झाली. ऐपत नसलेल्यांकडून ते पैसे घेत नसत. १९२३ साली त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या रोग्यांसाठी तीन खाटांची वेगळी खोली ठेवून तेथे खास परिचारिका नेमल्या. आजच्या अतिदक्षता विभागाची ती सुरुवात मानतात. २३ मार्च १९३७ रोजी त्यांनी मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीला आलेल्या फुग्याच्या देठावर चांदीची क्लिप बसवून तो बंद केला. तोही जगातला पहिलाच प्रयोग.

साहित्य-संगीताच्या विद्यार्थ्यांना एक-दोन गोष्टी आवडतील. जुलै १९३७ मध्ये संगीतकार जॉर्ज गर्श्विन लॉस एंजेलिसमध्ये मेंदूतील गाठीने बेशुद्ध झाले. डँडी तेव्हा चेसापीक उपसागरात नौकेवर होते. त्यांना शोधून काढून विमानतळापर्यंत आणले गेले. पण तिकडे थांबायला वेळ नव्हता, शस्त्रक्रिया स्थानिक सर्जनांनीच केली आणि ११ जुलैला गर्श्विन गेले. वय अवघे अडतीस. पुढच्या वर्षी कादंबरीकार टॉमस वुल्फ यांची कवटी डँडी यांनी उघडली, तर मेंदूभर क्षयाचे दाणे पसरलेले. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. वुल्फ १५ सप्टेंबर १९३८ रोजी हॉपकिन्समध्येच वारले, तेही अडतिसाव्या वाढदिवसाआधी.

एप्रिल १९४६ मध्ये डँडी यांना हृदयविकाराचा झटका आला. साठावा वाढदिवस उलटून तेरा दिवस झाले होते, तेव्हा १९ एप्रिलला, आयुष्य जेथे घालविले त्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. ते गेले तेव्हा मेंदूतली दुर्बीण जवळजवळ अडगळीत पडली होती.

ती बाहेर आली भिंगे सुधारल्यावर. १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. असल्या तंतूंतून बाहेरचा प्रखर उजेड आत नेता येऊ लागला, आतल्या मिणमिणत्या दिव्याची गरज उरली नाही. मग याच हॉपकिन्स यांनी नळीत लहान भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या बसविण्याची युक्ती काढली आणि चित्र लख्ख झाले. हे हॉपकिन्स आणि बाल्टिमोरचे हॉपकिन्स यांचा संबंध नाही, नावाचा योगायोग. त्याच सुमारास, १९६० च्या दशकात, लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस सूक्ष्मदर्शकाखाली ती गाठ काढून चेहऱ्याचा मज्जातंतू वाचवू लागले आणि पीटर जॅनेटा यांना त्याच सूक्ष्मदर्शकातून पाचव्या मज्जातंतूवर टेकलेली रक्तवाहिनी स्वच्छ दिसली. ते मज्जातंतू न कापता मध्ये मऊ गादी ठेवू लागले. कळ थांबू लागली. डँडी यांचे १९३४ सालचे निरीक्षण तीस वर्षांनी खरे ठरले.

सूक्ष्मदर्शक सरळ रेषेत पाहतो. हाडाच्या आड, मज्जातंतूच्या पलीकडे त्याला दिसत नाही. पाहायचे तर लहान मेंदू आणखी बाजूला ओढावा लागतो आणि ओढण्याने ऐकू येणे जाऊ शकते. दुर्बिणीचे टोक ३० किंवा ७० अंशांनी तिरके पाहते, म्हणून ती कोपऱ्याच्या आडचे दाखविते : बोगद्याच्या तळाशी राहिलेला गाठीचा कण, देठाच्या पलीकडून दाबणारी धमनी. १९९० नंतर ती या कोपऱ्यात मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली. तिचेही धोके आहेत. टोक पुढे पाहते, पण मागची दांडी कशाला घासते हे पडद्यावर दिसत नाही. दिव्याची उष्णता मज्जातंतूला पोळवू शकते. एक हात तिला धरण्यातच अडकतो. म्हणून पुष्कळ सर्जन सूक्ष्मदर्शक आणि दुर्बीण दोन्ही वापरतात, आणि शस्त्रक्रिया चालू असताना कानात टकटक आवाज सोडून मेंदूचा देठ त्याला प्रतिसाद देतो की नाही हे यंत्रावर पाहत राहतात.

आणि तो रक्तवाहिन्यांचा गुच्छ? आफ्रिकेतील युगांडा देशात, म्बाले येथील मुलांच्या रुग्णालयात, डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी जलशीर्ष बालकांच्या मेंदूत दुर्बीण घालून तोच गुच्छ जाळण्यास सुरुवात केली. सोबत द्रवाला नवी वाट करून दिली. कायमची नळी बसवून ती तुंबली की पुन्हा शस्त्रक्रिया करणे तिथल्या गरीब आईबापांना शक्य नव्हते. शेकडो मुलांना त्याचा उपयोग झाला. डँडी यांना १९२२ साली जे साधले नव्हते, ते हेच काम.